ठकीची खाज आणि चार आंघोळी

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. घरात दोन गिनी पिग, दोन्ही माद्या, ठकी आणि टिंगी (नावं मी बदललीत). तीन आठवड्यांपासून ठकी सारखी खाजवतेय. आधी पाठीवरचे आणि खांद्यावरचे केस विरळ झाले, मग कोंड्यासारखे पापुद्रे निघायला लागले, आता दोन ठिकाणी खपल्या धरल्यात. आपलीच स्वच्छता कमी पडली असं वाटून यांनी तिला तीन आठवड्यांत चार वेळा बेबी शाम्पूने आंघोळ घातली, खोबरेल तेल चोळलं, आणि गजकर्ण असेल म्हणून घरात पडलेलं माणसांचं क्रीमही लावून झालं. ओळखीच्या एकांनी गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊ केलंय, थेंबभर पाजा, काम होईल म्हणून. मधल्या काळात नऊ वर्षांच्या मुलीच्या हातावर लाल पुळ्या उठल्यात आणि नवरा म्हणतोय दोघींना कुणाला तरी देऊन टाकू. टिंगी मात्र ठणठणीत आहे. प्रश्न तीन: हे गजकर्णच ना? कुठलं क्रीम लावू? आणि देऊनच टाकू का? शेवटी ता. क. म्हणून एक ओळ, की काल रात्री खाजवता खाजवता ठकी आडवी पडली, पाय झाडले, मिनिटभराने उठून बसली, आता बरी आहे.

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न जरा बाजूला ठेवते आणि आधी ता. क. घेते. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलीत. खाजवता खाजवता आडवं पडून पाय झाडणं हे गिनी पिगांमध्ये खरूज अगदी टोकाला गेली की दिसतं, झटका आल्यासारखंच असतं ते, आणि उठून बसली म्हणजे बरी झाली असं नाही, पुन्हा खाज चाळवली की पुन्हा पडेल. त्यामुळे आधी व्हेटला फोन लावा, आजचीच वेळ मागा, आणि बाकीचं वाटेत वाचा. मी स्वतः डॉक्टर नाही, बरीच वर्षं गिनी पिग पाळलेली बाई आहे, तेव्हा ठकीला नेमकं काय झालंय याचा निकाल मी इथून देणार नाही. कशामुळे काय वाटतं एवढं सांगेन.

फोनवर पहिलं हे विचारा की तुमच्याकडे गिनी पिग बघतात का. संकोच करू नका, कारण कुत्र्या-मांजरांमध्ये आयुष्य गेलेल्या चांगल्या डॉक्टरांकडेही गिनी पिग क्वचितच येतो आणि याच्या पोटाचं गणित वेगळं आहे. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन अशी आपल्या ओळखीची अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि जनावर काही दिवसांत दगावू शकतं. म्हणून घरात उरलेली कुठलीही गोळी किंवा सिरप कुटून पाजायचं नाही, अगदी पाव गोळीसुद्धा नाही.

नेताना दोघींना एकाच बॉक्समध्ये ठेवा, खाली टॉवेल, मूठभर सुकं गवत, वरून अर्धं झाकण. वाटेत तिला मांडीवर घेऊन कुरवाळत बसू नका, मला माहितीय मन राहत नाही, पण अशा अंगाला हात लागला की खाज उसळते आणि कधीकधी त्यानेच झटका येतो. आणि फोनवर तिचा खाजवतानाचा व्हिडिओ घ्या, अर्धा मिनिट पुरे. टेबलावर ठेवली की ती दगडासारखी गप्प बसणार. शिकार होणारा प्राणी आहे हा, परक्या ठिकाणी आजारपण दाखवत नाही, आणि मग डॉक्टरांना वाटतं बाई उगाच घाबरल्यात.

आता त्या स्वच्छतेबद्दल. पूर्ण पत्रात तुम्ही पाच वेळा तरी 'आमचंच चुकलं' लिहिलंय, आणि मला वाटतं याच विचाराने तीन आठवडे खाल्ले. लाज वाटली की माणूस आधी घासतो, पुसतो, धुतो, आणि डॉक्टरकडे सगळ्यात शेवटी जातो. पण खरजेचा जो किडा असतो, ट्रिक्सॅकॅरस कॅव्ही त्याचं नाव, तो घाणीतून जन्माला येत नाही. तो येतो दुसऱ्या गिनी पिगाकडून, बहुतेक वेळा आणतानाच अंगावर आलेला असतो, आणि काहीही न दाखवता बराच काळ तसाच राहू शकतो. मग जनावर कशाने तरी अशक्त झालं, घर बदललं, पिंजऱ्यात नवीन कोणी आलं, जास्त गारठा पडला, की तो जोर धरतो. हा किडा डोळ्यांना दिसत नाही आणि कातडीवर बसत नाही, कातडीच्या आत बोगदे करून राहतो, तिथेच अंडी घालतो. तुमचा शाम्पू केसांपर्यंत पोचतो आणि किडा बसलाय एक मजला खाली. उलट चार आंघोळींनी कातडीचं नैसर्गिक तेल गेलं, ती आणखी कोरडी झाली, कोरडेपणाची वेगळी खाज सुरू झाली, त्यात ओल्या अंगाने कुडकुडणं आणि घाबरणं आलंच. गिनी पिग स्वतःला दिवसभर साफ करत असतो, त्याला ठरलेल्या आंघोळीची गरज नसते. लांब केसवाल्यांचं ढुंगण खराब झालं तर तेवढंच कोमट पाण्याने धुवून नीट कोरडं करायचं, बस. (तेलाने काही बिघडलं नसेल, पण डॉक्टरांना कातडी खरवडून बघायची असेल तर तेलकट अंगाचा त्रास होतो, म्हणून आजपासून काहीच लावू नका.)

बरं, हे गजकर्णच ना? मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगते, म्हणजे इतर वाचकांनाही बघता येईल. केस गेलेले दिसले की आपण लगेच केस गेलेल्या जागेकडे बघतो, पण खरा पहिला प्रश्न हा असतो की जनावर खाजवतंय का, आणि किती. गजकर्ण ही बुरशी आहे, आणि ती बहुधा तोंडापासून सुरू होते, नाकाचा शेंडा, डोळ्यांभोवती, कानांवर, तिथून मग पाठीवर उतरते. गोलसर टक्कल, त्यावर कोरडे पापुद्रे, कडेला थोडी लाली, आणि खाज एकतर नसते किंवा बेताची असते. ठकीचं उलटं आहे. सुरुवात खांद्या-पाठीवरून आणि खाज इतकी की तोल जातोय. हे चित्र खरजेचं वाटतं. तरी नक्की काही म्हणता येत नाही, दोन्ही एकत्र असू शकतं, शिवाय खाजवून जखमा झाल्या की त्यात जंतू शिरून तिसरंच काहीतरी सुरू होतं.

आणि हो, निळा-जांभळा दिवा टाकून बघितला, काही चमकलं नाही, म्हणजे गजकर्ण नाही, असं कोणी सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका. गिनी पिगांमध्ये जी बुरशी सगळ्यात जास्त सापडते, ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिस, ती त्या दिव्यात चमकतच नाही. तिची खात्री केसांच्या कल्चरने होते, म्हणजे केसांवरची बुरशी लॅबमध्ये वाढवून बघतात, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. खरजेचंही तसंच, कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, पण किडे खोल असल्याने पहिल्या खरवडण्यात सापडतीलच असं नाही. म्हणून रिपोर्टमध्ये काही नाही तरी डॉक्टर खरजेचं औषध सुरू करतात, आणि ठकीने त्याला कसा प्रतिसाद दिला त्यावरून निदान पक्कं करतात. ही अंदाजपंचे दाहोदरसे वाली ट्रीटमेंट वाटेल तुम्हाला, पण यात हे नेहमीचं आहे, फसवणूक समजू नका.

ज्यांच्या गिनी पिगाचे केस जातायत पण ठकीसारखं चित्र नाही त्यांच्यासाठी थोडं. बारीक पिवळट-तपकिरी काहीतरी केसांतून पळताना दिसलं किंवा कानामागे केसाला लिखा चिकटलेल्या दिसल्या तर त्या उवा, त्या माणसाला होत नाहीत, घाबरू नका. मागच्या अंगाला केसांवर मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसतं पण जनावर मजेत आहे, तर ते केसांवर राहणारे वेगळ्या जातीचे किडे (माइट्स) असू शकतात, ते कातडीत शिरत नाहीत. केस कात्रीने कापल्यासारखे आखूड खुंट राहिलेत आणि खालची कातडी स्वच्छ गुलाबी आहे, तर कोणीतरी कुरतडतंय, कंटाळा किंवा गवत कमी, आणि कोण कुरतडतंय ते शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही, स्वतःच्या डोक्यापर्यंत आणि मानेपर्यंत कोणाचेच दात पोचत नाहीत, तिथले केस गेले असतील तर आरोपी शेजारी बसलाय. दोन-तीन वर्षांच्या पुढची मादी आहे, दोन्ही कुशींवरचे केस अगदी आरशात बघितल्यासारखे सारखे जातायत आणि खाज शून्य, तर ते बहुतेक अंडाशयातल्या गाठींमुळे, त्यावर क्रीम लावून जन्मात उपयोग नाही, सोनोग्राफी करून घ्या. तळवे लाल, सुजलेले, त्यावर खपली, तर ते जाळीच्या तळाने, ओल्या बेडिंगने किंवा वजनाने होतं, आणि ते दुर्लक्ष केलं तर हाडापर्यंत जातं.

आणि दोन गोष्टी आजार नाहीतच. प्रत्येक कानामागे एक छोटं टक्कल सगळ्यांनाच जन्मापासून असतं. आणि पाठीच्या शेवटी, जिथे शेपटी असती तर असती, तिथे एक तेलकट ग्रंथी असते, नरांमध्ये जास्त. मी माझ्या पहिल्या नराची ती चिकट काळपट जागा बघून ट्यूमर समजले होते आणि रडत रडत दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी चिमटीत धरून दाखवली आणि म्हणाले, मॅडम, हा तेलाचा कारखाना आहे.

क्रीमचं काय? तुम्ही लावलेल्या ट्यूबचं नाव कळवलं नाहीत, पण ट्यूबच सोबत न्या, कारण माणसांच्या खाजेच्या अशा मिक्स क्रीमांमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं, ते लाली दोन दिवस दाबतं, आणि आत बुरशी असेल तर तिला मोकळं रान देतं, डॉक्टर बघतात तेव्हा खरं चित्र पुसलेलं असतं. शिवाय गिनी पिगाच्या अंगाला लावलेलं सगळं शेवटी त्याच्या पोटात जातं, चाटणारच ना तो. टी ट्री ऑइल वगैरे 'नॅचरल' गोष्टींनाही हाच नियम, नॅचरल आहे म्हणून एक किलोच्या जिवाला झेपेलच असं नाही. कुत्र्यांचे पिसवांचे थेंबही नकोत, त्यातली काही औषधं या प्राण्यांना चालत नाहीत.

त्या इंजेक्शनबद्दल मात्र मला नीट बोलायचंय, कारण अर्धी गोष्ट खरी असली की माणूस फसतो. आयव्हरमेक्टिन हे खरजेवरचं औषध आहे हे खरं, तुमचे डॉक्टर तेच किंवा सेलामेक्टिन देतील अशी दाट शक्यता आहे. पण गुरांचं जे 1 टक्क्याचं इंजेक्शन असतं त्याच्या एका मिलीलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असतं. एक मिलीलिटर म्हणजे साधारण 20 थेंब, म्हणजे एका थेंबात झालं अर्धा मिलिग्रॅम. ठकीसारख्या 800-900 ग्रॅमच्या जनावराला एकूण लागतंच मिलिग्रॅमच्या काही अंशात. आता सांगा, ड्रॉपरमधून एकाऐवजी तीन थेंब पडले, आणि ते पडतातच, तर ते परत कसे काढणार? शेकडो किलोच्या गाईला थोडं इकडेतिकडे चालतं, ठकीला नाही. डॉक्टर तिचं वजन करून, औषध पातळ करून, बारीक सिरिंजने मोजून देतात. आणि एका डोसने काम होत नाही, कारण औषध जिवंत किडे मारतं, अंडी मारत नाही, ती फुटून नवीन किडे निघतात, म्हणून साधारण 7 ते 14 दिवसांच्या अंतराने दोन-तीन डोस असतात. पहिल्या डोसनंतर खाज कमी झाली की लोक दुसऱ्याला जात नाहीत आणि महिन्याने मला पत्र लिहितात.

डॉक्टरांना विचारायची आणखी एक गोष्ट म्हणजे वेदनेवर काही देताय का. खरूज नुसती खाज नसते, ती दुखते, ठकीला उचलताना ती किंचाळत असेल तर ते नखरे नाहीत. आणि ठकी गाभण असण्याची एक टक्का जरी शक्यता असेल (दुकानात नर-मादी ओळखण्यात गफलत सर्रास होते, टिंगीला एकदा तपासूनच घ्या) तर औषध लिहायच्या आधी सांगा, बुरशीवरची ग्रिसिओफुल्व्हिनसारखी काही औषधं पोटातल्या पिल्लांना घातक असतात.

टिंगी ठणठणीत आहे हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मला वाटलं, आता विचारणार की हिला वेगळं ठेवू का. नको. तीन आठवडे दोघी एकाच गवतात तोंड खुपसून बसल्यात, जे जायचं ते टिंगीच्या अंगावर गेलेलं असणार, आत्ता वेगळं केलं तर फक्त दोघींचा जीव घाबरा होईल. औषध दोघींना एकाच दिवशी. फक्त जी खाजवते तिला दिलं तर दुसरीच्या अंगावरून किडे परत येणार. वेगळं ठेवायचं ते नवीन आणलेल्याला, तेही वेगळ्या खोलीत दोन-तीन आठवडे, आणि त्याचं खाणंपिणं, झाडलोट जुन्यांचं उरकून झाल्यावर, आधी नाही.

पिंजरा प्रत्येक डोसच्या दिवशी पूर्ण रिकामा करा, बेडिंग फेकून द्या, फ्लीसचं कापड अंथरत असाल तर ते गरम पाण्यात धुवा, लाकडाची खोपटी आणि पूल टाकून दिलेले बरे, फटींमधून किडे निघत नाहीत. बुरशी निघालीच तर सफाई जास्त कडक लागते, तिचे कण घरात कित्येक महिने टिकतात, तेव्हा कशाने पुसायचं ते डॉक्टरांकडूनच घ्या. पाइन किंवा सीडरचा उग्र वासाचा भुसा वापरत असाल तर तो बंद.

आता मुलगी. खरजेचा हा किडा माणसाच्या अंगावर येऊ शकतो, चावतो, लाल खाजऱ्या पुळ्या उठतात, बहुतेक मनगटं, हात, पोट, जिथे जनावर टेकवून धरतो तिथे. पण माणसावर तो संसार थाटू शकत नाही, गिनी पिग बरे झाले की पुळ्याही जातात. गजकर्ण असेल तर ते मात्र माणसाला रीतसर लागतं आणि त्याला वेगळं औषध लागतं. म्हणून तिला एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात खाजवणारा गिनी पिग आहे हे आपणहून सांगा, डॉक्टर विचारतीलच असं नाही, आणि हे नाही कळलं तर महिनाभर नुसती अ‍ॅलर्जीची औषधं चालतील. तोवर दोघींना उचलणं मोठ्यांनी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि ग्लव्ह्ज घालून, नंतर हात साबणाने. मुलीला लांबून गवत टाकू द्या, तेवढं तिचं काम काढून घेऊ नका, नाहीतर तिला वाटेल की तिच्यामुळे काहीतरी झालं. तुमच्याकडून हे अपराधीपण तिच्याकडे जायला वेळ लागणार नाही.

देऊन टाकण्याबद्दल तुमच्या मिस्टरांना एवढंच विचारा की देणार कोणाला? आत्ता दिलं तर दोघींबरोबर खरूजही जाईल, नवीन घरातल्या जनावरांना आणि माणसांना. म्हणजे काहीही ठरवलं तरी आधी इलाज करावाच लागणार, मग दोघी बऱ्या झाल्यावर, केस आल्यावर, पुन्हा बसून बोला. माझा अंदाज आहे की तेव्हा ते हा विषय काढणार नाहीत, पण काढलाच आणि घरात खरंच कोणाला दम्याचा किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास निघाला, तर दुसरं चांगलं घर शोधणं हा काही गुन्हा नाही, तेही सांगून ठेवते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नव्हती, म्हणून विचारते. ताजी भाजी रोज मिळते का दोघींना? माणसासारखंच गिनी पिगाचं शरीर व्हिटॅमिन सी बनवू शकत नाही. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी गिनी पिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्यांना खलाशांना व्हायचा तोच स्कर्व्ही झाला, त्यातूनच हे उमगत गेलं. सी कमी पडलं की कातडी खडबडीत होते, केस राठ होतात, जखमा भरत नाहीत, हिरड्या आणि सांधे दुखतात, आणि मग किड्यांना मैदान मोकळं. रोज किलोमागे साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं, आजारपणात वरच्या बाजूला. रोज ढोबळ्या मिरचीचे एक-दोन तुकडे हा सगळ्यात सोपा मार्ग. पाण्यात थेंब टाकण्याच्या भानगडीत पडू नका, पाण्यात आणि उजेडात ते भराभर नासतं, आणि चव बदलली की पाणी पिणंच कमी होतं. पेलेट्सच्या (त्यांच्या तयार खाण्याच्या) पिशवीवरची तारीख बघा, बनवून तीन महिने उलटले असतील तर त्यातल्या सी वर विसंबून राहू नका. पण याने किडे मरत नाहीत बरं का, मिरची सुरू केली म्हणून व्हेट पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

औषध सुरू झाल्यावर पहिले काही दिवस खाज तशीच किंवा थोडी जास्तच वाटेल, मरणारे किडेही कातडीला त्रास देतात, लगेच औषध बदला म्हणू नका. साधारण दोन आठवड्यांत खाजवणं उतरायला हवं, मग खपल्या सुटतील, त्या उपटायच्या नाहीत, आणि टकलावर आधी पीचच्या सालीवर असते तशी बारीक लव दिसेल, उजेडात आडवं धरलं की कळते. पुन्हा झटका आला, किंवा बारा तास काही खाल्लंच नाही, लेंड्या थांबल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता परत न्या, या प्राण्याचं पोट रिकामं राहून चालत नाही.

आणि निघायच्या आधी किचनचा वजनकाटा काढा, वर एक डबा ठेवा, शून्य करा, आणि दोघींची वजनं लिहून घ्या, ग्रॅममध्ये, तारखेसकट. आजारपणात रोज, नंतर आठवड्यातून एकदा. डोळ्यांना काही दिसायच्या आत वजन घसरायला लागतं. ठकीचं किती भरलं ते मला कळवा.